पगारातून कापले जाणारे 200 रुपये आणि विसापूरचे वि. स. पागे

पहिल्या नोकरीची पहिली सॅलरी स्लिप आपण सगळेच नीट वाचतो. मीही वाचली होती. त्यात पीएफ समजला, टीडीएस समजला. पण ‘प्रोफेशनल टॅक्स’ म्हणून 200 रुपये कापले होते, ते कशासाठी हे ऑफिसात कुणालाच धड सांगता येईना. फेब्रुवारीत हेच 300 होतात आणि वर्षाचे 2,500 पूर्ण होतात, एवढीच माहिती मिळाली.

या कराची गोष्ट शोधत मागे गेलं की आपण 1970 च्या दशकात पोहोचतो, दुष्काळात पोहोचतो आणि शेवटी तासगाव तालुक्यातल्या विसापूर नावाच्या गावात पोहोचतो. तिथले विठ्ठल सखाराम पागे. विधान परिषदेचे अठरा वर्षं सभापती होते, पण महाराष्ट्राला ते लक्षात आहेत ते रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून.

जनक वगैरे आपण परीक्षेत लिहितो आणि विसरून जातो. पागे यांनी नेमकं काय केलं, हे समजून घ्यायचं असेल तर आधी एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाला हात घालावा लागतो. बेरोजगार म्हणजे कोण?

लोणंदच्या बाजारातून हा प्रश्न बघा

लोणंदचा कांदा प्रसिद्ध आहे. हळवा कांदा निघतो तेव्हा बाजार समितीत ट्रॅक्टर आणि टेम्पोंची रांग लागते. कांदा काढायला, काटायला, निवडायला, गोणी भरायला बायका लागतात. हमाल, मापाडी, टेम्पोवाले, सगळ्यांना काम असतं. त्या दिवसांत मजूर मिळत नाहीत अशी शेतकऱ्यांची तक्रार असते.

आणि मग हंगाम सरतो. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ज्यांची शेती आहे तिथे ऊस असतो, काही ना काही काम निघतं. कालव्यापासून दूर, माळावरच्या गावांत मात्र एप्रिल-मे महिन्यात शेतात करण्यासारखं काहीच उरत नाही.

आता कल्पना करा की मे महिन्यात एक सरकारी कर्मचारी वही घेऊन अशा घरी आला. घरातली बाई वर्षातले पाच महिने कांद्याच्या आणि खुरपणीच्या कामाला जाते. सध्या घरी आहे, कारण काम नाही. ती बेरोजगार आहे का? वर्षभराचा विचार केला तर ती काम करते. गेल्या आठवड्याचा विचार केला तर करत नाही. आणि तिला विचारलं की तुम्ही काम शोधताय का, तर ती म्हणेल की शोधायचं कुठे? गावात काम नाही हे तिला माहीत आहे. मग कर्मचारी वहीत लिहिणार, गृहिणी. झालं, ती बेरोजगारांच्या यादीत आलीच नाही.

अर्थशास्त्रात बेरोजगार ठरायला तीन अटी असतात. माणसाकडे काम नाही, तो काम करायला तयार आहे आणि तो काम शोधतोय. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या समाजात या अटी बऱ्यापैकी लागू पडतात. नोकरी असते किंवा नसते. पण जिथे काम पावसाप्रमाणे येतं आणि जातं, तिथे ‘असते किंवा नसते’ हा प्रश्नच फसतो.

पागे ज्या मुलखात वाढले तो मुलूख असाच होता.

तेव्हाचा सातारा जिल्हा

21 जुलै 1910 हा पागे यांचा जन्मदिवस. तेव्हा सांगली नावाचा जिल्हा नव्हता. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. 1949 मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे लोणंद आणि विसापूर त्या काळी एकाच जिल्ह्याची दोन टोकं. आजही लोणंद स्टेशनवरून मिरजेच्या गाडीत बसलं की वाठार, सातारा, कराड, किर्लोस्करवाडी करत भिलवडीला उतरता येतं, तिथून तासगाव जवळ आहे.

या जिल्ह्याचा नकाशा गमतीचा आहे. पश्चिमेला महाबळेश्वर, कोयना, धो धो पाऊस. सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे यायला लागलं की ढग रिकामे होत जातात. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ हे सगळे पर्जन्यछायेचे तालुके. तासगावचा बराच भागही त्यातच येतो. आज तासगाव म्हटलं की द्राक्षं आणि बेदाणा आठवतो, पण ती समृद्धी नंतरची.

पागे तरुणपणीच स्वातंत्र्य चळवळीत उतरले, तुरुंगात गेले. गांधी विचारांचा प्रभाव शेवटपर्यंत राहिला. याच जिल्ह्याने त्या काळात यशवंतराव चव्हाण आणि वसंतदादा पाटील यांच्यासारखी माणसं दिली. पागे त्यांच्याच पिढीतले. पण त्यांचा पिंड वेगळा. मंत्रिपदाच्या शर्यतीत त्यांचं नाव फारसं दिसत नाही. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी, म्हणजे 1960 मध्ये, ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि 1978 पर्यंत त्या खुर्चीवर राहिले.

सभापतीच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे खातं नसतं, निधी नसतो, अधिकारी नसतात. त्यामुळे या माणसाने राज्यातली सगळ्यात मोठी योजना आणली हे मला अजूनही विशेष वाटतं. त्यांच्याकडे फक्त एक कल्पना होती आणि ती वसंतराव नाईक यांच्यासारख्या मुख्यमंत्र्याच्या गळी उतरवण्याइतका शब्दाला मान होता.

घरच्या शेतातला हिशोब

या कल्पनेच्या सुरुवातीबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. विसापूरला पागे यांची शेती होती आणि तिचा कारभार त्यांच्या पत्नी बघत. शेतात काही कामासाठी मजूर लावले होते. किती मजूर, किती दिवस, किती पैसे, असा हिशोब पागे यांनी घरात विचारला. काही शे रुपयांत इतक्या माणसांना इतके दिवस काम मिळालं, हे कळल्यावर त्यांनी तोच गुणाकार राज्यासाठी करून पाहिला. इतके कोटी खर्च केले तर किती लोकांना किती दिवस काम देता येईल? उत्तर आवाक्यातलं निघालं. मग तो हिशोब मुख्यमंत्र्यांपर्यंत गेला.

तपशील सांगणाऱ्याप्रमाणे बदलतात, पण या गोष्टीतला एक मुद्दा महत्त्वाचा आहे. पागे यांनी बेरोजगार किती आहेत इथून सुरुवात केली नाही. काम द्यायचं ठरवलं तर खर्च किती येईल, इथून केली.

1965 च्या सुमारास तासगाव तालुक्यात, विसापूर भागात याचा पहिला प्रयोग झाला. 1969 पासून काही निवडक भागांत एकात्मिक क्षेत्र विकासाची योजना आली, तिला लोक पागे योजनाच म्हणायचे. गावात जे मजूर काम मागतील त्यांना शेतीला उपयोगी पडणाऱ्या कामांवर घ्यायचं, अशी साधारण मांडणी.

त्याच वेळी दिल्लीत काय चाललं होतं?

इथे थोडा वेळ विसापूर सोडून दिल्लीत जाऊ, कारण योगायोग जबरदस्त आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत देशात बेरोजगार किती, याचे आकडे वेगवेगळ्या पद्धतींनी काढले जायचे. एक आकडा रोजगार विनिमय केंद्रांतल्या नोंदींचा. पण तिथे नाव घालायला शहरातली, शिकलेली मुलं जाणार. माण तालुक्यातली शेतमजूर बाई तिथे कशाला जाईल? दुसरीकडे जनगणना आणि राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण यांचे आकडे होते आणि ते एकमेकांशी जुळत नव्हते.

म्हणून 1968 मध्ये प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल 1970 मध्ये आला. समितीने सांगितलं की भारतासारख्या देशात बेरोजगारीचा एकच एक आकडा काढण्यात अर्थ नाही. इथे स्वतःच्या शेतात राबणारे आहेत, रोजंदारीवर जाणारे आहेत, पगारदार आहेत. सगळ्यांना एका तराजूत तोललं तर येणारा आकडा कुणाचंच चित्र दाखवणार नाही.

त्यानंतर 1972-73 मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची 27 वी फेरी झाली. तिथून बेरोजगारी तीन फुटपट्ट्यांनी मोजायला सुरुवात झाली. या तिन्ही समजून घ्या, पुढे उपयोगी पडतील.

पहिली वर्षाची. माणूस वर्षातला बराचसा काळ काय करत होता, हे ती बघते. वर्षभर कामाच्या शोधात असलेला, म्हणजे कायमचा बेरोजगार, हिच्यात सापडतो. दुसरी आठवड्याची. गेल्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. तिसरी रोजची. आठवड्याच्या सात दिवसांचे प्रत्येकी दोन अर्धे भाग करायचे आणि त्या चौदा अर्ध्या दिवसांत किती काम मिळालं, किती नाही, ते मोजायचं. इथे माणसांऐवजी दिवस मोजले जातात.

1972-73 मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या पुरुषांची बेरोजगारी वर्षाच्या फुटपट्टीने 1.2 टक्के होती, आठवड्याच्या 3 टक्के आणि रोजच्या 6.8 टक्के. बायकांचे आकडे तर डोळे उघडणारे आहेत. वर्षाच्या हिशोबाने अर्धा टक्का, आठवड्याच्या 5.5 आणि रोजच्या हिशोबाने 11.2 टक्के.

तोच देश, तेच वर्ष, त्याच बायका. एका पट्टीने दोनशे जणींत एक बेरोजगार, दुसरीने कामाच्या दर नऊ दिवसांतला एक दिवस वाया. सरकारला बेरोजगारी नाही असं सांगायचं असेल तर पहिला आकडा घ्यावा, आहे असं सांगायचं असेल तर शेवटचा. आकडे दोन्ही खरे आहेत.

लोणंदची ती कांदा काटणारी बाई पहिल्या पट्टीत दिसत नाही, तिसरीत थोडी दिसायला लागते. पागे यांना ती तासगावात, कुठल्याही सर्वेक्षणाशिवाय, दिसत होती.

1 मे 1972

1972 च्या महाराष्ट्र दिनापासून रोजगार हमी योजना राज्यभर लागू करायचं वसंतराव नाईक सरकारने ठरवलं. ग्रामीण भागात ज्याला अंगमेहनतीचं काम हवं, त्याला सरकार काम देईल.

आणि पाऊस आलाच नाही.

1972 चा दुष्काळ आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात अजून आहे. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं, रस्त्याच्या कडेला बसलेली हजारो माणसं. त्याआधीची दोन वर्षंही वाईट गेली होती. नवी योजना बाजूला राहिली आणि तिच्या जागी जुन्या पद्धतीची दुष्काळी कामं सुरू झाली. मे 1973 मध्ये या कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या घरात. म्हणजे दर दहा माणसांत एक जण, म्हातारी-कोतारी, लहान मुलं सगळी धरून, दुष्काळी कामावर.

27 वी फेरी चालू होती ती नेमकी याच वर्षी. आणि व्याख्येप्रमाणे सार्वजनिक कामावरची मजुरी म्हणजे रोजगार. खडी फोडणारी बाई सर्वेक्षणाच्या वहीत रोजगारवाली. व्याख्या चुकीची नाही, पण आकडा वाचताना हे माहीत असलेलं बरं.

दुष्काळात सरकारने काम काढायचं ही पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची. 1876-78 च्या भीषण दुष्काळानंतर 1880 मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यांत एक युक्ती होती. कुठल्या भागात दुष्काळ आहे हे ठरवायला चाचणीचं काम काढायचं. मजुरी जेमतेम पोटापुरती. एवढ्या कमी पैशांतही लोकांची गर्दी झाली, तर समजायचं की परिस्थिती गंभीर आहे.

क्रूर होती ही पद्धत. पण तिच्यात मोजमापाची एक कल्पना दडलेली होती. गरज किती आहे हे कोण काम मागायला येतं त्यावरून कळतं. पागे यांच्या योजनेने ही कल्पना उचलली आणि तिचं टोक उलटं केलं. इंग्रजी पद्धतीत आधी दुष्काळ जाहीर व्हायचा. आणेवारी लागायची, कलेक्टर ठरवायचा, मग काम निघायचं. पागे यांचं म्हणणं असं की दुष्काळ जाहीर होवो न होवो, चांगल्या वर्षातही शेतमजुराला सहा-सहा महिने काम नसतं. म्हणून काम मागणं हा त्याचा हक्क असावा आणि काम देणं ही सरकारची जबाबदारी. कोण बेरोजगार हे सरकारने ठरवायचं नाही. जो कामावर येईल तो बेरोजगार.

गावात जाऊन प्रत्येकाचं उत्पन्न तपासायचीही गरज नाही. उन्हात माती उपसायला, किमान मजुरीवर, बागायतदार येणार नाही. अर्थशास्त्रज्ञ याला पुढे स्वयंनिवड म्हणायला लागले.

पैसा कुठून आणला?

दुष्काळ सरला. 1974 पासून योजना पुन्हा उभी राहिली आणि लगेच खर्चाचा प्रश्न आला. हमी म्हणजे उघडा खिसा. जितके लोक येतील तितका पैसा लागणार, आणि किती येतील हे आधी सांगता येत नाही.

इथे आपली सॅलरी स्लिप परत येते. 1975 मध्ये राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला. नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्याकडून कर घ्यायचा आणि तो रोजगार हमीसाठी वापरायचा. त्याबरोबर विक्रीकर, मोटार वाहन कर, जमीन महसूल यांवर अधिभार बसला, बागायती जमिनीवरही बसला. या खास करांतून जितकी रक्कम जमेल तितकीच भर सरकारने तिजोरीतून घालायची, असं ठरलं.

यातला मोठा वाटा अर्थातच मुंबईतून येणार होता. म्हणजे फोर्टमधला कारकून जतमधल्या शेतमजुराच्या मजुरीला हातभार लावणार. शहरांनी हे मान्य कसं केलं याचं सोपं उत्तर असं की 1972-73 मध्ये खेड्यांतले लोंढे शहरांत येताना सगळ्यांनी पाहिले होते. गावात काम मिळालं तर लोक गावात राहतील, हा हिशोब शहरालाही पटण्यासारखा होता. बागायतदार आमदारांनाही विरोध करण्याचं फार कारण नव्हतं, कारण या कामांतून तयार होणारे पाझर तलाव, बांध आणि रस्ते जमीन असणाऱ्यांच्याच कामाला येणार होते. हमीच्या विहिरीचं पाणी भूमिहीन मजुराला काय उपयोगाचं, ही टीका त्या काळीही झाली आणि ती खोटी नव्हती.

1977 मध्ये विधिमंडळात रोजगार हमीचा कायदा आला. सगळ्या पक्षांनी पाठिंबा दिला. राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. पागे त्याच्या आदल्या वर्षीच सभापतिपदावरून उतरले होते.

त्या कायद्यात म्हटलं होतं की ग्रामीण भागातल्या प्रौढ व्यक्तीने नाव नोंदवून काम मागितलं की पंधरा दिवसांत काम द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा, दिवसाला किमान एक रुपया. वर्षात किती दिवस काम मागायचं यावर मर्यादा नव्हती. साधारण पन्नास मजूर जमले की नवं काम काढायचं. खर्चातला किमान 60 टक्के वाटा मजुरीवर गेला पाहिजे, म्हणजे यंत्रं आणि ठेकेदार यांना आत शिरायला जागा कमी. स्त्री-पुरुषांना दर एकच, आणि तो केलेल्या कामाच्या मोजमापावर.

माती उपसून बेकारी जाते का?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. बेरोजगारीच्या कारणांकडे बघितल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही.

1936 मध्ये केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने मांडलं की मंदीत लोकांच्या हातात पैसा नसतो म्हणून मालाला मागणी नसते, मागणी नाही म्हणून कारखाने बंद आणि कारखाने बंद म्हणून लोक बेकार. हे चक्र तोडायला सरकारने खर्च करावा. लोकांच्या हातात पैसा आला की बंद कारखाने आपोआप सुरू होतील. त्या औषधात सरकारी काम कुठलं निघतं याला फार महत्त्व नाही.

तासगावात बंद कारखाना नव्हताच. तिथे मजुराला मे महिन्यात काम नव्हतं, कारण जमिनीला पाणी नव्हतं. मजुरी वाटली तर त्या वर्षीचं पोट भरेल, पुढच्या मे महिन्यात पुन्हा तीच वेळ. म्हणून पागे यांच्या योजनेत काम कुठलं याला महत्त्व होतं. पाझर तलाव, नालाबंडिंग, बांधबंदिस्ती, विहिरी. आज खोदलेल्या तलावामुळे उद्या दुसरं पीक निघालं तर त्या पिकाला मजूर लागतील आणि तेवढ्यापुरती सरकारी कामाची गरज कमी होईल. बेकारीवर काम देता देता बेकारीचं कारणच कमी करायचं, असा तो डाव होता.

तो किती साधला? 1979-80 च्या सुमाराला वर्षाला 20 कोटींच्या आसपास मनुष्यदिवस काम या योजनेवर होत होतं. आणि कामावर येणाऱ्यांत बायकांचं प्रमाण मोठं होतं. गोखले संस्थेच्या कुमुदिनी दांडेकर यांनी 1983 मध्ये खास याच विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला. काम शोधत नाहीत म्हणून ज्या आकडेवारीत गृहिणी ठरत होत्या, त्या घराजवळ काम निघाल्यावर घमेलं घेऊन हजर होत्या. कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा हा पुरावा मला जास्त बोलका वाटतो.

पण गडबडीही झाल्या. बोगस मस्टर, हजेरीपटावर नसलेल्या माणसांची नावं, थकलेली मजुरी, अर्धवट रस्ते. बेकारी भत्ता जवळपास कुणाला मिळालाच नाही.

आणि 1988 मध्ये एक मुद्दा समोर आला, जो या गोष्टीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्या वर्षी किमान मजुरी जवळपास दुप्पट झाली आणि हमीच्या कामांनाही ती लागू झाली. मजुरी वाढली म्हणजे जास्त लोक यायला हवेत. पण कामावरची हजेरी घसरली. का? गरज संपली म्हणून नव्हे. मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं की खर्च हाताबाहेर जाऊ नये म्हणून काम देण्यावरच लगाम बसला होता. कामं कमी काढली गेली. लोकांना नाही म्हटलं गेलं.

म्हणजे पागे यांचं मोजमाप चालतं ते हमी खरी असेपर्यंतच. दार उघडं असेल तर आत आलेली माणसं मोजून गरज कळते. दार अर्धं लावलं की मोजले जातात ते फक्त आत शिरू शकलेले. आणि वरून बघणाऱ्या अधिकाऱ्याला वाटतं, हजेरी कमी झाली, बेकारी कमी झाली असणार.

पुढे काय झालं?

16 मार्च 1990 रोजी पागे गेले. त्याच वर्षी राज्याने फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली. शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतात आंबा, डाळिंब, बोर लावायचं आणि त्या कामाची मजुरी योजनेतून द्यायची.

2005 मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला आणि 2 फेब्रुवारी 2006 पासून 200 जिल्ह्यांत तो लागू झाला. पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता, 60 टक्के मजुरी, ही कलमं वाचताना महाराष्ट्राचा कायदा समोर ठेवून लिहिल्यासारखं वाटतं. एक मोठा फरक म्हणजे राष्ट्रीय कायद्यात प्रत्येक कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची मर्यादा आली.

मोजमापही बदललं. 2017 पासून देशात नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण होतं. त्यात वर्षाची पट्टी आहे, आठवड्याची आहे. बातम्यांत दर वेळी जो बेरोजगारीचा टक्का येतो, तो या दोनपैकी कुठल्या तरी एकीचा असतो. बातमी वाचताना तो कुठला हे जरूर बघा, कारण दोन वेगळ्या पट्ट्यांचे आकडे शेजारी ठेवून बेकारी वाढली किंवा घटली असं सांगणाऱ्या पोस्ट दर महिन्याला फिरत असतात.

रोजची पट्टी, चौदा अर्धे दिवस मोजणारी, या नव्या सर्वेक्षणाच्या मुख्य आकड्यांत आता नाही. मे महिन्यात लोणंदच्या माळावरच्या घरी सर्वेक्षणवाला आला आणि त्या आठवड्यात बाईने शेजारच्या शेतात तासभर जरी कांदा निवडला असेल, तर वहीत ती रोजगारात आहे.